सोनकूची सकाळची सभा

खूप वर्षांपूर्वी, विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची मोठी वसाहत होती. दूरदेशी शिकलेला तरुण सोनकू तिथे परतला, तो वसाहत सुधारायचीच असं ठरवून.

"थोडं विणा, लगेच दाखवा, चुकलं तर बदला," तो सांगे. त्यासाठी त्याने रोज सकाळी सभा सुरू केली. प्रत्येकाने फांदीवर उभं राहून काल किती विणलं ते सांगायचं.

"अरे, अर्धं घरटं आम्ही मादीला दाखवतोच की," म्हातारे तात्या म्हणाले. "नापसंत झालं तर दुसरं विणतो."

"हो तात्या, पण त्याला पद्धत नाही," सोनकू कळवळून म्हणाला.

सभा लांबत गेल्या. चोचीत धरलेली ओली पाती वाळून मोडू लागली.

एके सकाळी रेवा नावाची मादी घरटी बघायला आली. सोनकूला ती पाहताक्षणी आवडली.

"तुमचं घरटं कुठलं?" तिने विचारलं.

"मी सगळ्यांना पद्धत घालून दिलीय."

"छान. तिच्यात अंडी राहतील का?"

फांदीभर खसखस पिकली. रेवा शेजारच्या घरट्याकडे वळली. सोनकू सभा तशीच सोडून उडाला, एक हिरवं पातं घेऊन आला आणि घाईघाईने त्याची डहाळीला गाठ मारली.

"अहो, एवढंच झालंय," तो रेवाला म्हणाला. "चुकलं असेल तर आत्ताच सांगा."

रेवाने चोचीने पातं ओढलं. गाठ सुटली.

सोनकू दुसरं पातं आणायला गेला. रेवा त्या डहाळीवरच थांबली.