सकाळी आखलेले डोळे

पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे हिरूनाना आखायचे, तेही फक्त सकाळी. दुपारनंतर हात जड होतो म्हणायचे, आणि जेवणाआधी कुंचला धुऊन ठेवायचे. चाळीस वर्षं हाच नेम.

एका श्रावणात मालक भाऊशेठ सगळ्यांदेखत कडाडले, "बाकीचे दिवेलागणीपर्यंत राबतात. तुम्ही काय जहागीरदार? आजपासून संध्याकाळपर्यंत आखायचं."

"आखतो की," नाना म्हणाले. "फक्त एवढं सांगा शेठ, तुमच्या घरच्या गणपतीचे डोळे सकाळी आखू की संध्याकाळी?"

शेठ घुटमळले. "सकाळी."

"लोकांच्या घरीही गणपतीच बसतो, शेठ."

नाना होते तोवर नेम टिकला. पुढे नाना वारले, नेमही गेला. संध्याकाळी आखलेले डोळे मला अजून लांबून ओळखू येतात.