थोडे चांगले पाणी

एकदा एका गृहस्थाने आपल्या मुलीला चार शब्दांचे उत्तर पाठवले आणि पाठवल्याबरोबर तो घरामागे जाऊन डोक्याला हात लावून बसला. मुलीने विचारले होते, "रविवारी रेवाला घेऊन येतेय. तिला पाण्यात पाय बुडवायचेत. आपला तलाव चालू आहे का?" गृहस्थाने लिहिले, "तलाव चालू आहे. या."

तलाव चालू नव्हता. पाणी शेवाळाने इतके हिरवे झाले होते की दुसरी पायरीसुद्धा दिसत नव्हती.

गृहस्थाचे नाव जनार्दनराव. कृष्णाकाठच्या एका गावात, वस्तीपासून जरा दूर त्यांचे बैठे घर होते आणि घरामागे हा पोहण्याचा तलाव. तो काही श्रीमंतीच्या हौसेने बांधलेला नव्हता. त्यांची एकुलती मुलगी ऋजुता सातव्या वर्षापासून माशासारखी पोहत असे. तिच्या सरावासाठी त्यांनी परसातली बाग मोडली आणि तिथे पाणी आणले. पहाटे चारला उठून, हातात घड्याळ घेऊन ते काठावर उभे राहत. पोर जिल्ह्यात पहिली आली, राज्यात आली. राष्ट्रीय निवडीला महिना उरला असताना ती एके दिवशी पाण्यातून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, मी दमलेय. मला आता नाही पोहायचं."

जनार्दनराव म्हणाले, "तू दमली नाहीस. तू भ्यालीस."

एवढे एकच वाक्य. त्या दिवसानंतर ऋजुता त्या पाण्यात उतरली नाही. शिक्षण झाले, नोकरी लागली, लग्न झाले, हैदराबादला संसार थाटला. वर्षातून दोनदा माहेरी यायची, पण परसदार कधी उघडत नसे. फोन आईला यायचा. आई, शैलाताई, मध्येच फोन नवऱ्याच्या हाती द्यायच्या. "बरी आहेस ना?" "हो. तुम्ही?" "मीही." की फोन पुन्हा आईकडे. जनार्दनरावांनी तीन-चारदा विषय काढला नाही असे नाही. "मी तसं बोलायला नको होतं, पण तुझ्या भल्यासाठीच ना..." असे वाक्य सुरू होई आणि तिकडचा आवाज गार पडे. "जाऊ दे बाबा," ती म्हणे, आणि काहीच जात नसे.

दर आठवड्याला तलाव साफ करायला एक माणूस येत असे. मुलगी सासरी गेल्यावर जनार्दनरावांनी त्याचे येणे बंद केले. ज्या पाण्याकडे पाहवत नाही ते स्वच्छ तरी कशाला ठेवायचे?

आणि आता त्याच मुलीने आपल्या लेकीसाठी, रेवासाठी, आपणहून त्या पाण्याची चौकशी केली होती. 'नाही' म्हणायला त्यांची बोटे वळली नाहीत.

त्यांनी चार ठिकाणी फोन केले. पुढच्या आठवड्याआधी यायला कोणी तयार नव्हते. शैलाताई म्हणाल्या, "अहो, तात्यांना विचारा. आणि या वेळी स्वतः हात लावा की जरा."

तात्या ऐंशीला टेकलेले. नगरपालिकेच्या जलतरण तलावाची देखभाल त्यांनी तीस वर्षे केली होती. त्याही आधी, पाठीला सुका भोपळा बांधून नदीच्या डोहात ते गावातल्या पोरांना पोहायला शिकवत. त्या पोरांत जनार्दनराव होते. त्यामुळे अठ्ठावन्न वर्षांचे जनार्दनराव तात्यांच्या लेखी अजून जनूच होते.

तात्या काठी टेकत आले. पाणी पाहिले. सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाले, "चालू आहे असं लिहिलंस ना? मग चालू करू या."

त्यांनी आधी क्लोरीनची पावडर टाकवली, मग किलोकिलोने तुरटी विरघळवून पाण्यात सोडायला लावली. दोन तास पंप फिरवला आणि बंद केला. "आता याला परवा सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

"तात्या, रविवारी ती यायचीय!"

"म्हणूनच सांगतोय. ढवळलंस तर रविवारीही असंच दिसेल."

शनिवारी सकाळी जनार्दनराव परसात गेले आणि थबकले. वरचे पाणी काचेसारखे झाले होते. सगळे शेवाळ, सगळी माती खाली बसली होती आणि तळावर करड्या रंगाची गोधडी अंथरावी तसा एकसारखा थर पसरला होता.

अडगळीतून त्यांनी लांब दांडा काढला, त्याला तळ ओढून घेणारे चपटे तोंड बसवले, त्या तोंडाला लांबच लांब नळी जोडली. हे काम त्यांनी दुसऱ्याला करताना शेकडो वेळा पाहिले होते. हातात दांडा मात्र आज पहिल्यांदा आला होता. तात्या खुर्चीवर बसून सांगत होते. तोंड तळाला टेकव. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या झोतावर धर, बुडबुडे थांबेपर्यंत. "आत हवा राहिली तर पंप नुसता धापा टाकतो." मग ते टोक भिंतीतल्या ओढीच्या भोकात बसव.

पंप सुरू झाला, दांड्याला ओढ लागली, आणि जनार्दनरावांनी अंगण झाडावे तसे चार हात मारले. त्याबरोबर तळातून धुळीचा लोट उठला.

"हळू, जनू," तात्या म्हणाले. "दुधावरची साय काढतोस तसं."

जनार्दनरावांनी दांडा सैल धरला आणि श्वासाच्या गतीने पुढे सरकवला. थर फाटत गेला आणि त्यातून निळ्या फरशीचा स्वच्छ पट्टा उमटला. किती वर्षांनी ती फरशी दिसत होती! दुसरा पट्टा, तिसरा. त्यांना एकदम उत्साह आला.

"आता तिकडे बघ," तात्यांनी काठीने समोरची भिंत दाखवली.

गाळून आलेले पाणी जिथून तलावात परत येते, तिथून दुधाळ ढग बाहेर पडत होता. इथून ओढलेले तिथून परत येत होते.

तात्या उठले. पंपापाशी जाऊन त्यांनी पंप थांबवला, गाळणीवरची मूठ फिरवली आणि पंप पुन्हा चालू केला. आता ओढलेले पाणी गाळणीकडे न जाता कुंपणाबाहेरच्या ओघळीत पडू लागले. आधी काळे पाणी आले. मग जनार्दनरावांचा दांडा एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाताना मधूनच चांगले, नितळ पाणीही धो धो वाहू लागले.

जनार्दनरावांना ते पाहवेना. दांडा टाकून ते धावले. "अहो तात्या, हे काय करताय? स्वच्छ पाणी चाललंय! वैशाखात विहिरीला पाणी किती राहतं ठाऊक आहे ना तुम्हाला?"

त्यांना खरेच नवल वाटत होते. हेच तात्या नळ गळताना दिसला तर भर तलावावर पोरांना रागवायचे. आणि आज तेच मुठीवर हात ठेवून शांत उभे होते.

"चाललंय," तात्या म्हणाले. "जाऊ दे."

"पण चांगलं पाणी..."

"ऐक, जनू. जाडाभरडा कचरा गाळणी अडवते. हा बारीक गाळ तिला जुमानत नाही; एका तोंडानं आत जातो, दुसऱ्यानं बाहेर येतो. पाणी सगळं ठेवायचं आणि गाळ तेवढा काढायचा, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं. पहिली दोन वर्षं मी नगरपालिकेचा तलाव तसाच साफ करायचो, आणि लोक म्हणायचे, 'तात्या, रोज घासता, मग पाणी गढूळ का?' जुना, मुरलेला गाळ घालवायचा तर त्याच्या संगतीतलं थोडं चांगलं पाणीही सोडावं लागतं. ते जपायला गेलास की गाळही घरातच राहतो."

ओघळीतून पाणी उताराला लागले होते.

तात्या पुन्हा खुर्चीवर बसले आणि सहज विचारावे तसे म्हणाले, "ऋजुता उद्या किती वाजता येणार?"

"दहापर्यंत," जनार्दनराव म्हणाले. त्यांनी दांडा उचलला आणि काम पुढे सुरू केले. त्यांना आपले वाक्य आठवत होते, फोनवर तीन-चारदा सुरू केलेले. प्रत्येक वेळी चूक टाकून देताना आपले खरेपण त्यांनी हातचे राखले होते. तेही खोटे नव्हतेच. पहाटेचे चार खरे होते, मोडलेली बाग खरी होती, पोरीवरचा जीवही खरा होता. म्हणूनच तर ते सोडवत नव्हते.

दुपारपर्यंत तळ निळा झाला. पाणी हातभर उतरले होते. संध्याकाळपर्यंत विहिरीच्या मोटारीने ते हळूहळू भरून काढले.

रविवारी रेवा गाडीतून उतरली ती थेट परसात धावली. मागोमाग ऋजुता निघाली, पण दाराच्या चौकटीशी थांबली. बराच वेळ ती नुसती पाहत राहिली. मग येऊन काठावर बसली आणि लेकीबरोबर तिनेही पाय पाण्यात सोडले.

"कोणी साफ केला?" तिने विचारले.

"मी."

"तुम्ही?" ती हसली. "बाबा, तुम्ही घरातला केर तरी कधी काढलाय का?"

जनार्दनराव तिच्याशेजारी बसले. गुडघे कुरकुरले. पाण्याकडे पाहतच ते म्हणाले, "ऋजुता, तू भ्यालीस असं मी म्हणालो होतो. तू दमली होतीस. मला दिसत होतं."

ऋजुताचा चेहरा सवयीने घट्ट झाला. पुढचा भाग तिला पाठ होता आणि ती त्याची वाट पाहू लागली. रेवा पाय आपटून पाणी उडवत होती. पुढचा भाग आला नाही.

"आणि?" तिने शेवटी विचारले.

"आणि काही नाही. एवढंच सांगायचं होतं."

तिचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवलेही नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, हिला धरा जरा." रेवाला त्यांच्या मांडीवर देऊन, अंगावरच्या प्रवासाच्या कपड्यांसकट ती पायऱ्या उतरली आणि पाण्यात शिरली. पोहली नाही. मध्यापर्यंत गेली, पाठीवर वळली, हात पसरले आणि डोळे मिटून तशीच तरंगत राहिली.

रेवाने आजोबांची हनुवटी आपल्याकडे वळवली. "आई काय करतेय?"

जनार्दनरावांनी नातीला जवळ ओढले.

"दमलीय ना ती," ते म्हणाले. "विसावा घेतेय."