हातभर अंतरावरचं मेज

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण मला जिने सांगितली तिलाही ते ठाऊक नव्हतं.

चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये एक दरी, अशा जागी काही माणसं राहत होती. साधी माणसं. साधी म्हणजे गरीब नव्हेत, ठरवून साधी. त्यांच्या कापडाला रंग नसे, अंगरख्याला गुंडी नसे आणि घरात आरसा नसे. कुणाचं कोठार जळालं तर सगळी दरी हातोड्या घेऊन धावायची आणि संध्याकाळच्या आत नवं कोठार उभं राहायचं. त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नसे.

प्रत्येक घरात जेवायला एक लांबलचक मेज असे. पानं वाढून झाली की घरातली सगळी माणसं भोवती बसून एकमेकांचे हात धरायची. दहा श्वास गप्प राहायचं आणि मगच पहिला घास घ्यायचा. लहान मुलं सहाव्या श्वासालाच डोळे किलकिले करून भाकरीकडे बघायची, पण हात सोडायची नाहीत.

वयात आलं की प्रत्येकाने सभेत उभं राहून शपथ घ्यायची. शपथेत दोनच वाक्यं होती. मी ही दरी सोडून जाणार नाही. मी आपल्या माणसाला रागाच्या शब्दाने तोडणार नाही.

शपथ मोडणाऱ्याला मारझोड नव्हती की दंड नव्हता. त्याच्याशी बोलायचं, त्याच्याबरोबर शेतात राबायचं. फक्त जेवताना त्याने मोठ्या मेजापासून हातभर दूर, एका छोट्या मेजावर बसायचं. हातभर अशासाठी, की धरायला गेलं तरी हात पोचू नये. ज्याचं मन त्याने दुखावलं असेल, त्याने आपण होऊन येऊन त्याचा हात धरला, की शिक्षा संपली.

आता यात एक गंमत बघा. पहिलं वाक्य मोडलं की सगळ्या दरीला कळायचं, कारण माणूस गेलेला दिसतो. दुसरं वाक्य मात्र लोक येता-जाता मोडायचे आणि त्यावर कुणी ब्रही काढत नसे. शब्द गेलेला दिसत नाही ना.

या दरीत एक सुतार होता. त्याला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी धाकटी, विणकामात हुशार आणि हट्टाच्या बाबतीत थेट बापावर गेलेली. एकदा डोंगरापलीकडच्या एका व्यापाऱ्याकडे तिने निळ्या सुताचं एक रीळ पाहिलं आणि तिची झोपच उडाली. शेवटी एके दिवशी भर सभेत ती म्हणाली, "मला शहरात जाऊन रंगकाम शिकायचंय. मी जाणार."

सुतार रागाने उठून उभा राहिला. तो म्हणाला, "मला एकच मूल आहे. थोरला."

धाकटी म्हणाली, "मग मलाही बाप नाही."

आणि ती गेली. वळणावर थांबून तिने मागे पाहिलं असेल का? पाहिलं होतं. पण तिने पाहिलं तेव्हा बापाने पाठ फिरवली होती, आणि त्याने वळून पाहिलं तोवर ती वळणापलीकडे गेली होती.

शहरात तिचं बरं चाललं. तिची निळी वस्त्रं लोक नावाजू लागले. चार ओळखी झाल्या, डोक्यावर छप्पर आलं. सुखाला काही कमी नव्हतं, पण पान वाढून घेतलं की तिचे हात आपोआप दोन्हीकडे सरकायचे. एका हाताला भिंत लागायची आणि दुसऱ्याला काहीच नाही. बारा वर्षं तिने हे सोसलं. मग एका सकाळी तिने दाराला कडी घातली आणि ती डोंगराच्या वाटेला लागली.

वाट चार दिवसांची होती. चारही दिवस ती माफीची वाक्यं पाठ करत होती.

ती पोचली तेव्हा आई अंगणात पावटे सोलत बसली होती. आईने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. हातातली शेंग सोलून टोपलीत टाकली. मग विचारलं, "जेवली नसशील ना?"

"नाही."

"चल मग. हात धू."

धाकटीने हात धुतले, पुन्हा धुतले. बोटांवरची नीळ काही जाईना. "हे निघत नाही गं आई."

"राहू दे. स्वच्छ आहेत ना? झालं तर."

"आई, मी छोट्या मेजावर बसेन. मला नियम ठाऊक आहे. बाबांना माझ्यामुळे अवघड नको वाटायला."

आई काहीतरी बोलणार होती, पण म्हणाली एवढंच, "बस."

मोठ्या मेजापासून हातभर दूर छोटं मेज खरंच मांडलेलं होतं. धाकटीला वाटलं होतं, त्यावर धूळ साचली असेल. तिथे तर धुळीचा कण नव्हता. मेजाची एक कड कोपर टेकून टेकून गुळगुळीत झाली होती आणि त्या बाजूचा बाक बसून बसून खोलगट झाला होता. समोरचा बाक तेवढा कोरा होता. घरात आणखी कोण चुकलं, असा विचार करत ती कोऱ्या बाकावर बसली.

तेवढ्यात सुतार आत आला. दाढीत भुसा, हातात रंधा. त्याने तिला पाहिलं आणि तो जागीच थांबला. रंधा खाली ठेवायला त्याला जरा वेळ लागला. मग तो चालत आला आणि मोठ्या मेजाला वळसा घालून धाकटीच्या समोर, खोलगट बाकावर बसला.

ती गडबडून उठली. "बाबा, तुमची जागा तिकडे आहे."

"बारा वर्षं झाली, मी इथेच जेवतो," सुतार म्हणाला. "शपथेत दोन वाक्यं आहेत, पोरी. तू पहिलं मोडलंस. दुसरं मी मोडलं, आणि तेही तुझ्या आधी."

आता धाकटीला कळलं, की बारा वर्षं या घरात दहा श्वास कसे मोजले गेले असतील. तिकडे सगळे एकमेकांचे हात धरून, आणि इकडे तिचा बाप, आपलाच हात आपल्या हातात घेऊन. तिची पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"मग निरोप का नाही धाडलात, बाबा?"

"ज्या तोंडाने तोडलं, त्याच तोंडाने ये कसं म्हणू? रोज वाटायचं, उद्या धाडू." सुताराने नाक पुसलं. "हट्ट तुला कुणाकडून आला असेल, ते सगळी दरी जाणते."

"मला माफ करा, बाबा."

"तुला तर तू डोंगर चढायच्या आतच केलं होतं. मागायची राहिली ती माझी माफी. तेवढी देतेस का?"

धाकटीने दोन्ही हात पुढे केले. निळी बोटं भुशाने माखलेल्या बोटांत अडकली आणि दोघं दहा श्वास गप्प बसली. दहाच होते की जास्त, ते कुणी मोजलं नाही. धाकटी रडत होती, आणि बारा वर्षांत तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

नियमाप्रमाणे दोघांचीही शिक्षा संपली. दोघं मोठ्या मेजाकडे जायला उठली, तर आई आपलं पान घेऊन समोर उभी.

"कुठे निघालात? बसा. त्या दिवशी सभेत मीही होते. तुमच्या दोघांत एक शब्द टाकला असता तर पुढचं टळलं असतं. मी गप्प राहिले. मला कुणी दोष दिला नाही, म्हणून मी खुशाल मोठ्या मेजावर जेवले." आणि ती धाकटीच्या शेजारी बसली.

थोरला आमटीचं भांडं घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, "बाबा म्हणाले ना, एकच मूल आहे, तेव्हा घटकाभर मला बरं वाटलं होतं. बाबा, सरका जरा."

धाकटी आल्याचं दरीतल्या सर्वांत वृद्ध पुढाऱ्याच्या, म्हणजे ज्येष्ठबाबांच्या, कानावर गेलं होतं. ते काठी टेकत आले आणि बघतात तर काय, मोठं मेज मोकळं आणि छोट्या मेजावर चार माणसांची दाटी.

"यात चुकलेलं कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"ज्येष्ठबाबा, मोजायला गेलो तर कुणीच सुटत नाही," सुतार म्हणाला.

ज्येष्ठबाबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "हिने शपथ मोडली ते मी दरीभर सांगितलं. तू मोडलीस ते या कानांनी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. मलाही जागा द्या."

ज्येष्ठबाबा थोरल्याच्या शेजारी बसले. बाक एका माणसाचा. तो कुरकुरला. "धरेल, माझ्या हातचा आहे," सुतार म्हणाला.

बाकाने काही धरलं नाही. सुतार, थोरला आणि ज्येष्ठबाबा तिघेही जमिनीवर आले. आमटी थोडी सांडली. धाकटी आधी घाबरली आणि मग इतकी हसली, की आईला तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. त्या दिवशी सगळे तिथेच, जमिनीवर बसून, हात धरून जेवले.

दुसऱ्या दिवशी सुताराने छोटं मेज मोठ्याला जोडून टाकलं. आईने त्यावर नवं कापड अंथरलं. धाकटीने शहरातून विणून आणलेल्या त्या कापडाच्या काठाला निळ्या सुताची एक बारीक ओळ होती म्हणतात. ज्येष्ठबाबांना ती दिसली नाही. त्यांची नजर अधू होती, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

शपथ दरीत अजूनही घेतात, आणि माणसं अजूनही चुकतात. पण तेव्हापासून कुणालाही हातभर दूर बसवण्याआधी ज्येष्ठ उभे राहून विचारतात, "याच्या सोबतीला कोण बसतंय?" आणि दर वेळी कुणी ना कुणी आपलं पान उचलतंच.

बोध: दुसऱ्याची चूक मोजताना जो आपलीही मोजतो, त्याच्याजवळ परत येणाऱ्याला जागा मिळते.