आमटीची चव

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात सुरतेहून परतलेल्या अकरा जणांना गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं होतं. चौथ्या दिवशी एक जण जेवताना "चव लागत नाही" म्हणाला आणि तासाभरात त्याला रुग्णवाहिकेतून नेलं. बाकीचे धास्तावले. आमटी म्हणजे पिवळं पाणी होतं, पण तक्रार करायला कुणी धजेना. खरंच आपल्या तोंडाची चव गेली असेल तर?

पाहणीला आलेले खराडे साहेब दारातूनच गरजले, "जेवणाची काही तक्रार?"

त्या बाकीच्यांतल्याच सरूबाई धनावडे उठल्या. "साहेब, आमटीला चव नाही."

"चव आमटीला नाही, की तुमच्या तोंडाला? गाडी बोलवू?"

"बोलवा की. फक्त आधी पातेल्यातली घोटभर तुम्ही पिऊन बघा. चव लागली तर मी गाडीत बसते. नाही लागली, तर आपण दोघं बसू."

सगळे बघत होते. साहेबांनी मास्क खाली करून घोट घेतला आणि मास्क पुन्हा वर ओढला.

"आमटी... बदलायला सांगतो," ते पुटपुटले.

संध्याकाळी झणझणीत आमटी आली. पहिल्याच घोटाला सरूबाईंची जीभ पोळली आणि तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.