शिंक्याचा दोर

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हाची. अशाच एका बिननावाच्या डोंगराच्या माथ्यावर गवळ्यांची वस्ती होती. पाच-पंचवीस झोपड्या, झोपड्यांच्या दुप्पट म्हशी आणि म्हशींच्या दुप्पट भांडणं.

त्या वस्तीत एक गवळण राहायची. तिला दोन लेकी. नावं होती त्यांना, चांगली बारसं करून ठेवलेली. पण आईच्या तोंडी एक थोरली आणि एक धाकटी. आपणही तेच म्हणू. नवरा कायम गुरांमागे, घरी पाहुण्यासारखा. म्हणजे घरात या तिघीच.

आता तिथली रीत आधी सांगतो, नाहीतर मध्येच विचाराल. कापणी उरकली की माथ्यावरचं गवत वाळायचं. मग गडीमाणसं आणि जाणत्या पोरी गुरं घेऊन खालच्या खोऱ्यात, कुरणाला उतरायच्या, त्या थेट आठ महिन्यांनी परत. लहान पोरं, वासरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या आया तेवढ्या वर राहायच्या.

पण पोर जाणती झाली हे ओळखायचं कसं? वय कुणी मोजत नव्हतं. प्रत्येक झोपडीत वाशाला शिंकं टांगलेलं असे, त्यात लोण्याचं मडकं. वस्तीतली सगळी शिंकी एकाच उंचीवर: बाईमाणसानं जमिनीवर नीट उभं राहून हात वर केला की पोचेल अशी. खाली कुरणात रानमांजरांचा उपद्रव, तिथं लोणी एवढंच उंच ठेवावं लागे. तेव्हा ज्या पोरीनं आपल्या हातानं मडकं खाली काढलं, तिचा 'हात पोचला' म्हणायचे. तिनं त्याच साली कुरणाला जायचं. हे बघायला वस्तीची आजीबाई दरवर्षी घरोघर फिरायची, आणि पोरी त्या दिवसाकडे डोळे लावून बसायच्या.

तर एके सकाळी थोरलीनं सहज हात वर केला आणि तिथल्या तिथे उडी मारली. "आई, बघ! चारच बोटं राहिली!"

गवळण हातातलं काम सोडून बघत राहिली. चार बोटं! अगो, काल-परवा तर ही चुलीभोवती रांगत होती. मग बाईच्या मनाला जो घोर लागला तो लागलाच. आठ महिने हिची वेणी कोण घालील? घाटाची वाट ही अशी उभी, पाय घसरला तर? तापानं फणफणली तर कुणाच्या मांडीवर डोकं ठेवील? आणि मागोमाग धाकटी. तीही एक दिवस असाच हात वर करील, की झालंच. मग या झोपडीत आपण आणि वासरं.

तिनं दोघींना वासरांना पाणी दाखवायला झऱ्यावर पिटाळलं. त्या वळणाआड गेल्या तशी तिनं उखळ पालथं घातलं, वर चढली आणि शिंक्याच्या दोराला वाशापाशी एक गाठ मारली. शिंकं दोन बोटं वर गेलं. उखळावर पाय देऊ नये म्हणतात, तिनं दिला. पोटच्या पोरीसाठी आई काय काय करते, त्यातलंच हे एक, असं तिनं आपल्या मनाला सांगितलं.

त्या साली आजीबाई आली. थोरलीनं हात ताणला, टाचा जमिनीला चिकटवून, दात-ओठ खाऊन ताणला. थोडक्यात हुकलं. आजीबाईला डोळ्यांनी बेताचंच दिसायचं. ती म्हणाली, पुढच्या साली येशील, घाई कसली आहे. गवळणीनं देवाला दिवा लावला आणि पोरीच्या उतरलेल्या तोंडाकडे पाठ करून ताक घुसळायला बसली.

आता तुम्हाला वाटेल, मनासारखं झालं, आता ही सुखानं राहील. छे! चोरी एकदा करून भागत नाही, ती रोज निस्तरावी लागते. पोरी वाढत होत्या. वेलीला सांगून ती थांबत नाही, पोरी कुठून थांबणार? दर आठ-पंधरा दिवसांनी दोर वर घ्यावा लागायचा. थोरली केस विंचरायला पुढ्यात बसली, की आईचा हात तेल सोडून पाठीवरून विती मोजत खाली जायचा. पोर काहीतरी सांगत असायची. कुठल्या म्हशीनं कुणाला लोळवलं, कुणाशी कट्टी झाली. आई 'हं' म्हणायची आणि मनात म्हणायची, गेल्या महिन्यापेक्षा दोन बोटं जास्त. दोघी जांभळं खाऊन जिभा काढून दाखवायला आल्या, तर आईनं त्यांना उंचीची खूण करायला दाराच्या चौकटीला उभं केलं. त्या हसत उभ्या राहिल्या. आई हसली नाही.

सकाळचा प्रहर म्हणजे तिघींचा. चुलीपुढे बसून भाकरीचा पहिला पापुद्रा कुणाला, यावर रोजचं भांडण. पण आता लोणी काढायला उखळावर चढावं लागे, आणि ते कुणी बघता कामा नये. म्हणून त्याच वेळी पोरींना झऱ्यावर धाडायचं. त्या भाकरी हातात घेऊन चालता चालता खायच्या. आई घरात एकटी, दारावर एक डोळा ठेवून उखळावर चढलेली असायची.

आणि एक दिवस तर कहर झाला. ती वाट्यांत दूध ओतत होती. धाकटीची वाटी भरली. थोरलीची अर्धी झाली आणि हात थांबला. दुधानं हाडं वाढतात ना! तिनं चरवी खाली ठेवली. थोरलीनं वाटीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि अर्धी वाटी पिऊन ती उठली. गवळण तिथंच बसून राहिली. आपण हे काय केलं, हे तिला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं काठोकाठ दूध दिलं, वर साय घातली. पण दोर काही खाली घेतला नाही. भीती मोठी चिवट असते, बाळांनो; लाजेलाही ती बधत नाही.

दुसरं साल आलं. थोरलीचा हात यंदाही पोचला नाही. तिच्याबरोबरीच्या सगळ्या पोरी गेल्या, तिच्याहून लहान दोघी गेल्या. जाताना एकीनं तिला बुटकी म्हटलं. तेव्हापासून थोरली वस्तीत फिरकेना. मागच्या आंब्याच्या फांदीला ती तास न् तास लोंबकळायची. म्हणे हात लांब होतील. धाकटीही तिच्या शेजारी लोंबकळायची. घरात आल्या की दोघींची नजर पहिली शिंक्यावर. आईची तर कधीपासूनच तिथं. एका छपराखाली तिघी, आणि तिघींच्याही माना वर. एकमेकींच्या तोंडाकडे कोण बघतंय?

एकदा दुपारी थोरलीनं तांदूळ निवडता निवडता विचारलं, "आई, माणूस लहान होत जातं का गं? मला आधी चार बोटं कमी पडायची. आता वीतभर पडतं."

गवळणीच्या हातातलं सूप थांबलं. आता सांगून टाकावं, असं ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर उद्याच जाईल. ती म्हणाली, असं कुठं असतं का, उगाच काहीतरी. तांदूळ नीट बघ, खडे राहतात. थोरलीनं मान खाली घातली आणि खडे वेचू लागली.

तिसऱ्या साली आजीबाई आली, तेव्हा बरोबर दोन-चार बायाही होत्या. थोरली कोपऱ्यातून उठेना. तिला पुढे बोलावलं तर म्हणाली, "मला नाही बघायचं. माझा हात नाही पोचायचा कधी."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आजीबाई शहाणी. तिनं पोरीला ओढलं नाही, समजावलं नाही. खाली फतकल मारून बसली आणि म्हणाली, राहू दे तर मग. उन्हातून आलोय, सूनबाई, जरा ताक पाज. आणि वर लोण्याचा गोळा टाक, हात आखडू नको.

गवळण उठली. ताक दिलं तिनं. लोण्याचं काय? उखळ कोपऱ्यात होतं, आणि घरात इतक्या जणी. ती शिंक्याखाली जाऊन उभी राहिली. हात वर केला. नाही पोचला. टाचा उचलल्या, चवड्यांवर उभी राहिली, पार कळ लागेपर्यंत हात ताणला. बोटं आणि मडकं यांच्यात चांगली वीतभर मोकळी जागा राहिली.

आईची फजिती बघून थोरली सवयीनं उठली आणि मदतीला तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. आणि तेव्हा सगळ्यांना दिसलं. दिसलं ते गवळणीलाही. पोरीचा खांदा तिच्या खांद्याहून वर होता. हिच्या डोळ्यांत बघायला तिला मान उचलावी लागत होती. ही केव्हा झाली एवढी?

थोरलीनं वर बघितलं. वाशापाशी दोराच्या गाठी बसल्या होत्या, एकीवर एक, मूठभर. तिनं आईकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी वाढत होते?" ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "आई, मी वाढत होते ना?"

आईनं मानेनंच हो म्हटलं.

आजीबाईनं दोर सोडायला सांगितलं. गवळण सगळ्यांदेखत उखळावर चढली. नखं दुखेपर्यंत एकेक गाठ तिनं सोडवली. शिंकं खाली आलं, आपल्या जागी. थोरलीनं हात वर केला आणि मडकं काढलं, तेही कोपर वाकवून. हात सरळ करायची गरजच पडली नाही.

बाया गेल्या. आजीबाई मागे राहिली. गवळणीला वाटलं, आता ही चार माणसांत मला उभी करणार. पण म्हातारी ताकाचं भांडं खाली ठेवत म्हणाली, "सूनबाई, माझ्याही तिघी गेल्या कुरणाला. दोर वर घ्यावा असं माझ्याही मनात येऊन गेलं होतं."

"मग का नाही घेतलात?"

"सवड कुठं होती गं? पोरींच्या पायातले काटे काढण्यात आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकण्यात दिवस मावळायचा. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय? फुटतंच. आपण झाकत बसलो तर बघायचं तेवढं राहून जातं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरं निघायची होती. गवळणीनं गाठोडं बांधलं, दशम्या केल्या, लेकीच्या हातावर दही घातलं. वेणी घालायला लेकीला पुढ्यात घेतली. आज ती विती मोजत नव्हती. आज तिला काहीतरी जवळ ठेवून घ्यायचं होतं, आठ महिने पुरेल असं. गेल्या दोन वर्षांतलं काय आठवतंय म्हणून ती मनात शोधू लागली. पोर दोन वर्षं घरातच होती, हाताच्या अंतरावर. पण आठवायला गेली तर चौकटीवरच्या खुणा आठवल्या, बोटं आठवली, गाठी आठवल्या. पोर काय बोलली, कशाला हसली, ते काही केल्या आठवेना. जी अडवून धरली होती, ती हातात आलीच नव्हती.

शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "ताक घुसळताना तू ते गाणं म्हणतेस ना, ते जाताना एकदा म्हण की. ऐकून ठेवते."

थोरली मागे न वळता म्हणाली, "आई, ते गाणं म्हणायचं मी पहिल्यांदा हात हुकला तेव्हाच सोडलं. दोन वर्षं झाली. तुला ठाऊक नव्हतं?"

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. तिला खरंच नवल वाटलं होतं. गवळणीनं वेणीचा शेवटचा पेड घातला, फुलं माळली. थोरली पाया पडली, धाकटीला कुरवाळलं आणि हसत हसत गुरांच्या धुळीत निघून गेली. ते हसू मात्र आईनं डोळे भरून बघितलं. तेवढंच तिच्या वाट्याला आलं.

त्याच दुपारी गवळण चुलीवर लोणी कढवत होती. धाकटी धावत आली. कुठं म्हणे एक मुंगळा मेलेला टोळ ओढत निघाला होता, मग दुसरा मुंगळा आला, मग त्यांचं भांडण झालं, मग टोळ जिवंतच निघाला. गोष्टीला शेंडा ना बुडखा, आणि मधूनच परत पहिल्यापासून. गवळणीनं पोरीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, मग दुसरा मुंगळा काय म्हणाला? पोरीनं सांगितलं. तिनं पुढचं विचारलं. चुलीवर तूप आधी लाल झालं, मग काळं झालं, मग साऱ्या वस्तीत वास सुटला. शेजारीण ओरडत आली की अगं बाई, तूप करपलं! गवळण तिला म्हणाली, करपू दे, बस जरा, अजून टोळाचं काय झालं ते सांगायचंय हिला.

लेकरू जाईल तो दिवस अडवू नये. ते घरात आहे तो दिवस डोळे भरून पाहावा.