भुरीच्या भीतीचा अर्धा वाटा

एक डोंगर होता. अर्धा माणसांनी फोडून नेला होता, अर्धा अजून उभा होता. त्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या झोपडीत शेवंता आपल्या बाबांबरोबर राहायची, आणि त्यांच्याबरोबर राहायची भुरी नावाची पिटुकली कुत्री. दगड काढायला रोज दुपारी सुरुंग उडायचा. आधी मुकादम तीन शिट्ट्या मारायचा, की खाणीवरची माणसं आपापली शेळी, आपापलं कुत्रं खुंट्याला करकचून बांधायची. मोकळं जनावर उधळतं आणि नेमकं दगडांखालीच सापडतं. भुरीची आई तशीच गेली होती.

म्हणून शेवंताही भुरीला बांधायची. पण तिसऱ्या शिट्टीला भुरी अशी हिसके मारायची, की दोरी मानेत रुतून रक्त यायचं. आता तर चार दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. ही काही जगत नाही, असं बाबा हळूच म्हणाले. मोठी माणसं हळू बोलली की लहानांना जरा जास्तच ऐकू येतं. शेवंता पाण्याची बाटली घेऊन मागच्या सीताफळीच्या रानात रडायला गेली.

तिथे एका पानावर धुळीचा इवलासा गोळा धडपडत होता. शेवंतानं आपलं प्यायचं पाणी थेंब थेंब त्याच्यावर सोडलं. धूळ ओघळली आणि खालून निघाले मोरपिशी पंख, चिमुकला गुलाबी चेहरा आणि चमचमता रुपेरी झगा. ती परी होती.

परीनं एक इच्छा पुरी करायचं वचन दिलं, पण नियम कडक होते. कुणाची भाकरी जाईल असं काही मागायचं नाही. म्हणजे सुरुंग बंद होणार नव्हता, कारण बाबांचं पोट त्यावरच होतं. शिवाय भुरीची भीती पुसून टाकता येत नव्हती. ती दुसऱ्या कुणीतरी उचलावी लागायची.

"मग अर्धी मला दे," शेवंता म्हणाली.

"नीट विचार कर, बाळ. भुरी आपणहून भीती सोडेपर्यंत तुझा वाटा तुझ्याकडेच राहील. मधेच परत करता येणार नाही."

"दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंताला सगळं कळलं. शिट्टी झाली की दुसरं काही ऐकूच येत नाही. मग जमीन हादरते, तळपायांतून काहीतरी वर चढतं आणि पळण्यावाचून काही सुचत नाही. त्यात गळ्यात दोरी असली तर जीव नकोसा होतो. तिनं भुरीची दोरी कायमची सोडली.

मग तिनं खाटेखाली निळ्या-जांभळ्या ठिगळांच्या गोधड्यांची गुहा केली. दुपारी दार लावून दोघी आत बसायच्या. सकाळी शेवंता चिमणीएवढी बारीक शिट्टी वाजवायची आणि लगेच भाकरीचा तुकडा पुढे करायची. रोज शिट्टी थोडी मोठी. रात्री भुरी आता थोडं खायची, पण शिट्टीनंतर किती दिवस तिनं तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवंता वाळली, शिट्टी झाली की दडून बसायची, पोरं तिला भित्री भागूबाई म्हणून चिडवायची. तिला फार वाईट वाटायचं, पण इच्छेबद्दल ती कुणाला बोलली नाही. शेवटी एका दुपारी मुकादमाच्या शिट्टीला भुरीनं भाकरी खाल्ली.

आणि एक दिवस सुरुंगाची वेळ लवकर आली. शेवंता पाणी भरायला बाहेर होती. पहिली शिट्टी, दुसरी, तिसरी. हातातली कळशी पडली आणि ती धावत सुटली, थेट खाणीच्या दिशेनं, भुरीची आई धावली होती तशीच.

तेवढ्यात झोपडीच्या उघड्या दारातून भुरी बाहेर आली. तिनं शेवंताच्या फ्रॉकचा काठ दातांत धरला आणि खेचत खेचत तिला गोधड्यांच्या गुहेत नेलं. सुरुंग उडाला. पत्रे खडखडले. भुरी शेवंताच्या कापणाऱ्या पायांवर हनुवटी टेकून शांत पडून राहिली.

गोधड्यांच्या फटीतून रुपेरी उजेड झिरपला.

"भुरीनं आपला वाटा टाकला," परी म्हणाली. "आता तुझा मी नेते."

शेवंताचे पाय कापायचे थांबले. उजेड वाढला, झोपडीतली धूळ क्षणभर सोन्यासारखी झगमगली आणि परी दिसेनाशी झाली.

सुरुंग दुसऱ्या दिवशीही उडालाच. पण भुरीनं शेवंताला घरात ओढून नेलेलं पोरांनी पाहिलं होतं. पहिल्या शिट्टीला ती चिडवणारी सगळी पोरं आपापली कुत्री कडेवर घेऊन शेवंताच्या दारात उभी होती. भुरीनं शेपटी हलवत त्यांना आत जागा करून दिली.