किरणाच्या रंगांतल्या फटी

विश्व अजून कोवळं होतं, तेव्हा एका दीर्घिकेतून निघालेला किरण अब्जावधी वर्षांनी डोंगरावरच्या दुर्बिणीपाशी पोचला. दुर्बिणीनं त्याचे रंग तपासले. "तुझ्यात निळा उजेड फारच कमी आहे. नवे तारे निळे तळपतात, म्हणजे तुझं घर विझत आलेलं दिसतं. मी आता दुसरीकडे वळते."

किरणाला वाईट वाटलं. "दुर्बीणबाई, मी निघालो तेव्हा घरी नवे तारे जन्मत होते. उजेड भरपूर होता. वाटेत विरळ वायूचे ढग लागले, प्रत्येकानं थोडा थोडा काढून घेतला."

"मला तर वाटेत काहीच दिसत नाही."

"ते स्वतः उजळत नाहीत. माझ्या रंगांतल्या फटी बघा, एकेका ढगानं उजेड काढून घेतला त्याची ती खूण."

दुर्बिणीनं निरखून पाहिलं. फटी होत्या, एकीशेजारी एक, कितीतरी. ती जरा ओशाळली.

"थांब," ती म्हणाली, "कुठला ढग कुठे लागला, ते सावकाश सांग."